आय-सेव्हन आहे, पण कुठल्या सालचा?

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा अकरावीतला मुलगा परवा माझ्याकडे आला. हातात पेन ड्राइव्ह, तोंड उतरलेलं. ‘काका, गेम मस्त चालतो, पण रेकॉर्डिंग लावलं की लॅग मारतो. बघता का जरा?’ पेन ड्राइव्हमध्ये जीटीए फाइव्हचं बारा मिनिटांचं चित्रण होतं. आवाज सलग होता, चित्र मात्र तुकड्यातुकड्यांत. गाडी वळणाच्या अलीकडे दिसायची आणि मग एकदम भिंतीवर आदळलेली दिसायची. मधलं वळण गायब. नेमक्या त्याच वळणावर पोराने अर्धा मिनिट फार छान बोलून घेतलं होतं. कुणाची नक्कल नाही, उसनी हिंदी नाही, घरात बोलतो तसं मराठी.

यंत्र आईच्या भिशीच्या पैशांतून आलं होतं. बिलावर एक ओळ होती : ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डसह’. कुठलाही मॉडेल नंबर नाही. पेटी उघडून पाहिली. प्रोसेसर कोअर आय७-२६००, म्हणजे जानेवारी २०११ मधला. तो बाजारात आला तेव्हा हा मुलगा बोबडं बोलत होता. त्याच्या जोडीला एच६१ चिपसेटचा त्याच काळातला बोर्ड आणि जीटी १०३० हे छोटं ग्राफिक्स कार्ड. समोरच्या काचेआड तीन रंगीत पंखे, आणि त्या पंख्यांचे पैसे वेगळे लावलेले.

दुकानदार खोटं बोलला नाही. आय-सेव्हन म्हणाला, आय-सेव्हन दिला. सोळा जीबी म्हणाला, सोळा जीबी दिली. कुठल्या सालचा ते विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. ‘रेकॉर्डिंग करायचंय’ हे मुलाने दुकानात तीनदा सांगितलं होतं, आणि तीनही वेळा उत्तर आलं, ‘आय-सेव्हन आहे ना, काही काळजी करू नको.’ मला राग आहे तो या उत्तराचा. सोळा वर्षांचा मुलगा आयुष्यातली पहिली मोठी खरेदी करतोय, तिच्यावर काहीतरी उभं करायची स्वप्नं पाहतोय, आणि त्याच्या नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायची तसदी कुणी घेत नाही.

मग ते उत्तर मीच देतो. पडद्यावरचा गेम रेकॉर्ड करणं म्हणजे काय, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे वीस लाख त्र्याहत्तर हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. एका चित्राचे झाले सहा एमबीहून थोडे जास्त. सेकंदाला अशी साठ चित्रं, म्हणजे सुमारे ३७३ एमबी. मिनिटाला बावीस जीबी! हे जसंच्या तसं साठवायला गेलात तर एक टीबीची डिस्क पाऊण तासात भरेल. म्हणून प्रत्येक चित्र त्याच क्षणी दाबून, घडी घालून लहान करावं लागतं. या कामाचं नाव एन्कोडिंग. रेकॉर्डिंगचं खरं ओझं हे आहे, बाकीचं सगळं किरकोळ.

हे ओझं उचलणारे दोन. एक तर मुख्य प्रोसेसर, जो आधीच गेम चालवण्यात गुंतलेला असतो. पंगत बसलेली असताना आचाऱ्यालाच वाढायला पाठवलं तर मागे भात करपणार, तशातली गत. दुसरा पर्याय, चिपमध्येच कोरलेला एक छोटासा स्वतंत्र भाग. त्याला दुसरं काम नाही. येईल ते चित्र दाबायचं आणि डिस्ककडे पाठवायचं. गेमचा वेग त्यामुळे जेमतेम थोडा कमी होतो. इंटेलने हा भाग ‘क्विक सिंक’ या नावाने २०११ मध्ये आणला. एनव्हिडियाने ‘एनव्हेंक’ या नावाने २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० पासून दिला. एएमडीनेही त्याच सुमारास आपला आणला. दहा वर्षांहून जास्त काळ मुरलेली ही गोष्ट. हिच्यात चैन कसली!

त्या मुलाच्या जीटी १०३० कार्डात हा भाग नाही. मुळातच बसवलेला नाही. एनव्हिडियाने २०१७ मध्ये आणलेलं हे कार्ड चित्रपट दाखवतं, हलके गेम ओढतं, पण रेकॉर्डिंगच्या कामाला हात लावत नाही. २०११ च्या इंटेल प्रोसेसरात क्विक सिंकची पहिली पिढी होती खरी, पण कार्ड बसवल्यावर त्या जुन्या बोर्डाने ती बंद करून ठेवली होती; बायोसमध्ये शोधूनही चालू करायची सोय सापडली नाही. राहिला आचारी एकटा. जीटीए फाइव्ह सांभाळायचा आणि सेकंदाला साठ चित्रं दाबायचीही. तो धापा टाकत होता आणि चित्रं गळत होती. वळण गायब झालं ते इथे.

हा भाग कापून टाकण्याचा उद्योग फक्त जुन्या किंवा छोट्या कार्डांत झाला असं नाही. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत १९९ डॉलरला आलं. गेमिंगचं कार्ड म्हणून आलं, आणि त्यात एन्कोडर नव्हता. त्याच्या धाकट्या भावातही, आरएक्स ६४०० मध्येही, नव्हता. त्याआधीच्या, त्याहून स्वस्त कार्डांत होता. शिवाय मदरबोर्डाशी बोलायला सोळाच्या जागी चारच लेन, म्हणजे जुन्या बोर्डावर बसवलं की वेग आणखी पडतो. आता विचार करा, जुना बोर्ड कोणाकडे असतो? ज्याच्याकडे पैसे कमी त्याच्याकडे. स्वस्त कार्ड कोण घेतो? तोच. कंपनीने काटकसर केली आणि ती नेमकी त्याच माणसाच्या पदरात घातली. मला हे अक्षम्य वाटतं. पेटीवर मेमरी किती ते ठळक छापता, मग ‘या कार्डावर रेकॉर्डिंगची सोय नाही’ हेही छापा.

इंटेलची चलाखी एका अक्षराची आहे. आय३-१२१०० आणि आय३-१२१००एफ. शेवटचं ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि ते बंद म्हणजे क्विक सिंकही गेलं. एफ थोडा स्वस्त पडतो, म्हणून स्वस्तातल्या बहुतेक गेमिंग पीसींत तोच घातलेला सापडतो. वेगळं दमदार कार्ड घेणाऱ्याचं त्याने काही बिघडत नाही. पण ज्याचं बजेट तंग आहे त्याने ते अक्षर टाळावं. एफ नसलेला प्रोसेसर असला तर कार्ड कुठलंही असो, रेकॉर्डिंग प्रोसेसरातल्या त्या वेगळ्या भागाकडे सोपवता येतं. आरएक्स ६५०० एक्सटी आधीच घेऊन बसलेल्यांनाही हीच वाट आहे. आधुनिक बोर्डाच्या बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचं आणि ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्कोडर म्हणून क्विक सिंक निवडायचं. बस.

गंमत म्हणजे आय३-१२१०० मध्येही कोअर चार आणि थ्रेड आठ. आय७-२६०० मध्येही तेवढेच. दोघांच्या जन्मात बरोबर अकरा वर्षांचं अंतर, आणि एका कोअरमागचं काम जवळजवळ दुप्पट. नावातला तीन आणि नावातला सात यांची तुलना एकाच पिढीत करायची असते. पिढी ओलांडली की धाकटा थोरल्याला सहज उचलून बाजूला ठेवतो. दुकानाच्या पाटीवर मात्र सात हा आकडा तीनपेक्षा मोठाच राहतो, आणि पालक त्याच आकड्याचे पैसे मोजतात. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. म्हणजे दुसऱ्या पिढीचा हा आय-सेव्हन आज ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकणारा माणूस सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं यंत्र विकतो आहे. ही गोष्ट बिलावर लिहायला नको?

मग घ्यायचं काय? माझी मतं ठाम आहेत, पटली तर घ्या.

सर्वांत आधी, मोबाइलवर खेळत असाल तर काहीच घेऊ नका. आपल्याकडची कितीतरी मुलं बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळतात ती फोनवर. फोनच्या चिपमध्ये एन्कोडर असतोच, आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून स्क्रीन रेकॉर्डर फोनमध्येच येतो. ‘चॅनल काढायचंय, पीसी हवा’ असं मुलाने म्हटलं तर आधी फोनवर वीस व्हिडिओ करून दाखव म्हणा. घरात सहा-सात वर्षांचा ऑफिसचा लॅपटॉप पडून असेल तर तोही आधी तपासा. इंटेलच्या आठव्या-दहाव्या पिढीच्या लॅपटॉपांत क्विक सिंक असतं आणि माइनक्राफ्टसारखा गेम रेकॉर्ड करायला ते पुरतं. त्या लॅपटॉपवर एनव्हिडियाचा एमएक्स१५० असा स्टिकर असेल तर त्याला भुलू नका. तो चिप म्हणजे जीटी १०३० चाच भाऊ, एन्कोडरविना. कामाचं आहे ते इंटेलच्या बाजूला.

नवीन पीसी जोडायचाच असेल आणि कार्डाला पैसे नसतील तर रायझन ५ ५६००जी हा प्रामाणिक पर्याय आहे. आत बऱ्यापैकी ग्राफिक्स, एन्कोडर सोबत. पण एक अट : रॅमच्या दोन काड्या. सोळाची एक नको, आठच्या दोन. आतलं ग्राफिक्स मुख्य मेमरीतूनच काम करतं. एकच काडी असली की त्याचा रस्ता अर्धा होतो आणि गेम रडायला लागतो. ‘एकच मोठी घे, पुढे वाढवता येईल’ हा सल्ला या प्रोसेसरसाठी चुकीचा आहे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव असे भडकले आहेत की ‘पुढे वाढवू’ म्हणणाऱ्याचं पुढे येतच नाही.

थोडे पैसे कार्डाला असतील तर सेकंडहँड जीटीएक्स १६५० सुपर. इथेही नावाचा घोळ आहेच. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या साध्या १६५० मध्ये एन्कोडर आधीच्या पिढीचा होता. नोव्हेंबरात आलेल्या सुपरमध्ये नवा, सुधारलेला. साधा १६५० वाईट नाही, फुल एचडी रेकॉर्डिंग तो निगुतीने करतो. त्याचा एक गुणही आहे. सुमारे ७५ वॉटवर चालतो, आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वीजपुरवठ्याची वेगळी वायर लागत नाही. जुन्या, कमकुवत एसएमपीएसवर हा गुण मोलाचा ठरतो. इंटेलच्या आर्क ए३८० मध्ये तर एव्ही१ हा नव्या प्रकारचा एन्कोडरही आहे, जो कमी जागेत जास्त स्वच्छ चित्र देतो. पण त्याला ‘रिसायझेबल बार’ची सोय असलेला बोर्ड लागतो. जुन्या बोर्डावर तो घालू नका, निराश व्हाल.

सेकंडहँड घेताना डोळे उघडे हवेत. जुन्या काळच्या कार्डांचा बायोस बदलून ती ‘१०५० टीआय’ म्हणून विकण्याचा धंदा जगभर चालला. आतला चिप २०१० च्या आसपासचा, एन्कोडरच्या आधीच्या जमान्यातला. जीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर अशी बनावट कार्डं ओळखतं आणि नावाआधी सरळ ‘फेक’ असं लिहितं. दोन मिनिटांचं काम आहे. लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तपकीर गल्ली असो, की तुमच्या तालुक्याच्या गावातलं एकमेव दुकान असो, कार्ड चालू यंत्रात लावून हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पाहू देत नसतील तर तेच तुमचं उत्तर.

कॅप्चर कार्डाबद्दल, म्हणजे दुसऱ्या यंत्राचं चित्र पकडणाऱ्या उपकरणाबद्दल, थोडक्यात. ज्या पीसीवर गेम चालतो त्याच पीसीवर रेकॉर्ड करायचं असेल तर ते लागत नाही. तरीही ते हजारो मुलांच्या गळ्यात मारलं जातं. प्लेस्टेशनचा खेळ लॅपटॉपवर घ्यायचा असेल तर लागतं, आणि तेव्हा हे लक्षात ठेवा की बोटाएवढ्या स्वस्त डोंगलवर ‘फोर-के’ छापलेलं असतं ते आत येणाऱ्या चित्राबद्दल, यूएसबी २.० च्या चिंचोळ्या रस्त्याने बाहेर पडतं ते बहुधा सेकंदाला तीस चित्रांचं फुल एचडी. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये एचडीसीपी हे नक्कल रोखणारं कुलूप बंद करायला विसरलात तर तेही नाही, नुसता काळा पडदा.

डिस्कच्या बाबतीत मात्र दुकानात सर्रास भीती घातली जाते. ‘रेकॉर्डिंगला महागडी एनव्हीएमई लागेल.’ लागत नाही. ५० एमबीपीएसवर, म्हणजे चांगल्या दर्जाने रेकॉर्ड केलं, तरी सेकंदाला जेमतेम सव्वासहा एमबी लिहायचे असतात. साधी फिरती हार्ड डिस्क शंभर एमबी सहज लिहिते. तासाला साडेबावीस जीबी होतात, एका टीबीत चाळीसहून अधिक तास मावतात. विंडोज आणि गेम छोट्या एसएसडीवर ठेवा, रेकॉर्डिंग जुन्या हार्ड डिस्कवर जाऊ द्या. यूट्यूब स्वतः साठ चित्रांच्या फुल एचडीसाठी १२ एमबीपीएसची शिफारस करतं, तेव्हा ५० म्हणजे पुरेशी ऐसपैस जागा झाली. इथे वाचलेले पैसे एका बऱ्या माइकला द्या. ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्त स्रोताचं आहे आणि सहा वेगवेगळ्या ट्रॅकवर आवाज घेऊ शकतं. गेमचा आवाज एकावर, तुमचा दुसऱ्यावर घ्या. मागे कुकरची शिट्टी झाली तर तेवढीच कापता येते.

आणि वीज. हा प्रश्न दिल्ली-मुंबईत बसून सल्ले देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी संध्याकाळी वीज जाते, आणि रेकॉर्डिंग साध्या एमपी४ मध्ये चालू असेल तर दोन तासांची फाइल उघडतच नाही, कारण तिची सूची शेवटी लिहिली जाते आणि शेवट झालेलाच नसतो. ओबीएसमध्ये फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. वीज गेली तरी तोवरचं सगळं शाबूत राहतं, आणि नंतर त्याच सॉफ्टवेअरमधल्या ‘रीमक्स’ने काही क्षणांत एमपी४ करता येतं. एक पैसा खर्च नाही. हे मी स्वतः दोनदा गमावून शिकलो.

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं काय केलं? यंत्र परत घ्यायला दुकान तयार नव्हतं. बिलावर मॉडेल नंबरच नसल्याने भांडायला आधारही नव्हता. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्हा आयोग आहे, पण ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’ एवढ्या ओळीवर तक्रार काय लिहिणार? शेवटी जीटी १०३० विकलं, थोडी भर घातली आणि वेगळी वायर न लागणारं सेकंडहँड १६५० शोधलं. ओबीएसमध्ये एक्स२६४, म्हणजे मुख्य प्रोसेसरवरचं एन्कोडिंग, काढून एनव्हेंक निवडलं. तोच जुना प्रोसेसर, तोच बोर्ड. जीटीए फाइव्ह त्याच रस्त्यावरून गेला आणि वळण पूर्ण दिसलं. मुलगा काहीच बोलला नाही, पुन्हा पुन्हा तेवढंच मागे घेऊन पाहत बसला. प्रोसेसर कधीतरी बदलावा लागेलच. तोवर त्याचं काम अडत नाही.

मला अशी मुलं हवी आहेत. मालवणीत ओरडत गाडी पळवणारी, अहिराणीत शत्रूला शिव्या न देता पिटाळणारी, वऱ्हाडीत माइनक्राफ्टचं घर बांधून दाखवणारी. त्यांच्याकडे भाषा आहे, वेळ आहे, उत्साह आहे. चिपमधल्या एका छोट्या तुकड्याअभावी त्यांचा आवाज अडकावा, हे मला सहन होत नाही.

म्हणून या आठवड्यात जे कुणी मुलासोबत दुकानात जाणार असतील त्यांना सांगतो. पैसे देण्याआधी तिथल्याच यंत्रावर ओबीएस उघडायला लावा. सेटिंग्जमध्ये आउटपुट, तिथे एन्कोडरची यादी. तिच्यात एक्स२६४ सोडून एनव्हेंक, क्विक सिंक किंवा एएमडी यांपैकी एखादं नाव दिसलं पाहिजे. दिसलं तर दहा मिनिटं गेम रेकॉर्ड करून बघा आणि प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या. एक्स२६४ एकटंच दिसलं, तर आय-सेव्हन असो की आय-नाइन, मुलाचा हात धरा आणि पुढच्या दुकानात जा.